जुनी डिझेल जीप घाटात तापते – थेट हेड खोलायचं, की आधी काही पाहायचं?

दर्यापूरचा_गडी

गाडी २००६ ची डिझेल जीप. अडीच लिटरचं साधं डीआय (डिझेल थेट सिलिंडरमध्ये फवारणारं) इंजिन, टर्बो नाही, एसी नाही, पंखा बेल्टवर फिरणारा. रेडिएटर जुन्या पद्धतीचा, तांबं-पितळेचा.

जानेवारीपर्यंत तक्रार नव्हती. एप्रिल लागल्यापासून काटा चढतो. सकाळी सपाट रस्त्यावर ५०-६० च्या वेगाला ठीक चालते. दुपारी सात माणसं आणि थोडं सामान घेऊन परतवाड्याहून चिखलदऱ्याकडे निघालो, की धामणगाव गढी सोडल्यावर चढाच्या चौथ्या-पाचव्या किलोमीटरला काटा लाल पट्टीला टेकतो. बाजूला घेऊन इंजिन चालू ठेवलं तर सात-आठ मिनिटांत परत मध्ये येतो. बाजारात गर्दीत उभी राहिली तर फारशी तापत नाही.

सकाळी झाकण उघडलं की रेडिएटरमध्ये पाऊण-एक लिटर पाणी कमी, आणि बाजूची बाटली मात्र काठोकाठ. खाली थेंब नाही. पाणी घरच्या बोअरचंच टाकतो.

आतापर्यंत वॉटर पंप नवा, बेल्ट नवा, सेन्सर नवा. थर्मोस्टॅट वॉल (पाणी तापल्यावरच रेडिएटरचा रस्ता उघडणारी झडप) काढून टाकला, आपल्या भागात लागत नाही म्हणून. गेल्या वर्षी रेडिएटर गळत होता, त्याला डाग (सोल्डरचे जोड) मारून घेतले. आता मिस्त्री म्हणतात हेडचं (सिलिंडरवरच्या झाकणाचं) पॅकिंग गेलं, खोलावं लागेल. वीस हजारांच्या घरात जाईल असं दिसतं. खोलू का?

पाना_१२_१३

भाऊ, अजून हेडला पाना लावू देऊ नका. मिस्त्रींचा संशय अगदीच हवेतला नाही. बाटली भरलेली आणि रेडिएटर रिकामा, हे पॅकिंग गेल्यावरही होतं. पण तेच झाकण खराब असल्यावरही होतं, आणि झाकण दोन-अडीचशे रुपयांत येतं.

आधी गाडी कधी तापते ते बघा. उभी असताना तापते आणि पळवली की उतरते, तर वाऱ्याचा प्रश्न: पंखा, बेल्ट, पंख्याभोवतीचं काउलिंग (आवरण). तुमचं उलटं आहे. उभी ठीक, ओझ्यावर चढाला तापते. म्हणजे थोडी उष्णता रेडिएटर काढतो, जास्त आली की त्याला झेपत नाही. यात संशयित असे: रेडिएटर आतून बंद, बाहेरून हवा जायची जाळी बंद, खालचा होज पाइप रेसला आत चिमटणं, काढलेला थर्मोस्टॅट, आणि शेवटी पॅकिंग.

जानेवारीत का नव्हतं, तेही यातच आलं. रेडिएटर किती उष्णता टाकेल हे पाणी आणि बाहेरची हवा यांच्यातल्या फरकावर ठरतं. पाणी ९५ अंश आणि हवा २५, तर फरक ७०. मे महिन्यात हवा ४५, तर फरक ५०. तोच रेडिएटर, पण जवळपास ३० टक्के कमी काम करणार. अर्धा बंद असलेला रेडिएटर थंडीत निभावून नेतो आणि नवतप्यात (मेअखेरच्या सर्वांत कडक उन्हात) उघडा पडतो.

पॅकिंगची परीक्षा घरीच होते. इंजिन रात्रभर थंड झालेलं हवं. सकाळी झाकण हळूच सैल करा. थंड इंजिनातून फुस्स आवाज आला, तर रात्रभर आत दाब राहिला होता, म्हणजे गॅस शिरतोय. आवाज नसेल तर झाकण काढून पाणी गळ्यापर्यंत भरा आणि फॅन बेल्ट उतरवा. वॉटर पंप फिरला नाही की पाणी स्थिर राहतं आणि बुडबुडे नीट दिसतात. इंजिन सुरू करून फार तर एक मिनिट चालवा, मधे थोडी रेस द्या. सुरुवातीला अडकलेल्या हवेचे दोन-चार बुडबुडे येतील, ते थांबतात. सोड्याच्या बाटलीसारखी बारीक धार येतच राहिली तर पॅकिंग किंवा हेडला तडा. एका मिनिटापेक्षा जास्त चालवू नका, पंप बंद आहे.

बेल्ट परत चढवून झाकण लावा, पुन्हा थंड इंजिन सुरू करा, वरचा होज पाइप हाताने दाबत राहा. पाणी कोमट व्हायच्या आत, मिनिट-दोन मिनिटांत पाइप दगडासारखा कडक झाला तर गॅस. डिपस्टिकवर ऑइल दुधाळ आहे का तेही बघून घ्या.

गावात कोणी निळ्या पाण्याची चाचणी (रेडिएटरमधली हवा निळ्या द्रवातून सोडायची, धुराचा गॅस असेल तर रंग बदलतो) करून देतो म्हणाला, तर एक लक्षात ठेवा: डिझेल इंजिन स्लोवर (रेस न देता) असताना धुरात कार्बन डायऑक्साइड कमीच असतो. पेट्रोल गाडीसारखा झटकन पिवळा रंग येत नाही, हिरवटवर थांबतो. रेस न देता केलेली चाचणी 'सगळं ठीक' सांगून फसवते.

रेडिएटर_भट्टी

भाऊ, म्या एकच विचारतो. मागच्या वर्षी डाग मारले म्हंता, तं किती नळ्या बंद केल्या थे विचारलं का?

नळी गळाली की दोन रस्ते. बाहेरची असन तं जाग्यावर डाग. आतल्या रांगेतली असन तं तिथं डाग मारायचं हत्यार पोचत नाही, मंग टाकी उकलून नळीचे दोन्ही तोंडं डागानं बंद करतात. गळती थांबते, पण थे नळी कायमची गेली. दहातली एक बंद असन तं चालून जाते. त्याच्या पुढं गेलं की उन्हाळ्यात गाडी बोंबलते.

आन दर्यापूर म्हंता तं खारपाणपट्टाच आला, जमिनीतलं पाणीच खारं. पूर्णेकाठचं बोअरचं पाणी म्हंजे रेडिएटरले विष. उकळून उकळून चुना नळीत बसते, पांढरा-पिवळा, नखानं निघत नाही. बारीक थर बसला तरी नळीचं तोंड अर्धं होते, कारण नळी मुळातच चपटी आन बारीक.

खोलायच्या आधी घरी पाह्यजा: रेडिएटर काढून उभा धरा, खालचं तोंड हातानं दाबून पाण्यानं पूर्ण भरा आन हात सोडा. चांगला रेडिएटर भसकन रिकामा होते. धार बारीक होऊन गळत राह्यली तं नळ्या गेल्या समजा.

नांगर_आणि_क्लच

थर्मोस्टॅटचं कशाला मनावर घेता? ४६ डिग्रीत थर्मोस्टॅट काय कामाचा? आमच्या भागात कोणत्याच जुन्या गाडीत राहू देत नाहीत.

पाना_१२_१३

दादा, राहू देत नाहीत हे खरं, पण म्हणून बरोबर होत नाही.

काढलेला थर्मोस्टॅट असेल तर त्याच्या खालच्या बाजूला बघा. तिथे दुसरी छोटी चकती असेल तर तो बायपासवाला. इंजिन गार असताना पाणी बायपासने फिरून परत पंपाकडे जातं. ८२ अंशाला थर्मोस्टॅट उघडायला लागला की वरची चकती रेडिएटरचा रस्ता मोकळा करते आणि त्याच हालचालीत खालची चकती बायपास बंद करते. थर्मोस्टॅटच काढला तर बायपास कायमचा उघडा. गरम पाण्याचा एक हिस्सा रेडिएटरला न शिवता इंजिनात परत. उभ्या गाडीत कळत नाही, चढाला कळतं.

खालची चकती नसेल तर काढल्याने गाडी तापणार नाही, पण सकाळी इंजिन लवकर तापत नाही, डिझेल जास्त खातं, लायनर (सिलिंडरचं आतलं अस्तर) झिजतो. दोन्हीकडून तोटाच.

नवा घेतला तरी लावण्याआधी तपासा. पातेल्यात पाणी, त्यात थर्मोस्टॅट दोऱ्याने लटकवा, बुडाला टेकू देऊ नका, शेजारी थर्मामीटर. अंगावर ८२ लिहिलं असेल तर ८० ते ८४ च्या दरम्यान हलायला हवा आणि ९५ पर्यंत पूर्ण, साधारण ८ मिलिमीटर उघडायला हवा. बसवताना त्यावरची हलणारी छोटी पिन वरच्या बाजूला ठेवा, तिथून हवा निघते.

कुटार_उडव

बाहेरची जाळी कोणी बोललंच नाही. तूर-सोयाबीन काढणीच्या दिवसांत शेतरस्त्याने फिरलेली गाडी असेल तर जाळीत कुटार (पिकाचा भुसा) बसलेलं असतं, आणि जिनिंगच्या रस्त्यावरची असेल तर कापसाचा रेसा. रेसा समोरून दिसत नाही. जाळीच्या मधोमध चटईसारखा थर होतो, वर धूळ आणि ऑइल बसून तो घट्ट होतो.

रात्री पंख्याच्या बाजूने टॉर्च लावा आणि समोरून बघा. उजेड सगळीकडे सारखा आला पाहिजे. धुताना नेहमी इंजिनच्या बाजूने समोर, म्हणजे घाण आली त्याच्या उलट दिशेने. समोरून पाणी मारलं की ती आणखी आत बसते. आधी कपड्याच्या साबणाचं पाणी शिंपडून पंधरा मिनिटं भिजू द्या, मग साधा नळीचा प्रवाह. सर्व्हिसिंग सेंटरचा प्रेशर गन एक फुटाच्या आत आणला की पातळ पाकळ्या आडव्या होतात आणि जाळी कायमची बंद.

काउलिंग जागेवर आहे ना? रेडिएटर काढ-घाल करताना बरेच जण ते 'नंतर लावू' म्हणून गॅरेजच्या कोपऱ्यात टाकतात. काउलिंगशिवाय पंखा आजूबाजूचीच गरम हवा घुसळत बसतो. आणि कुटार येऊ नये म्हणून पुढे हिरवी शेडनेट बांधली असेल तर ती आजच काढा.

दर्यापूरचा_गडी

सगळं करून पाहिलं.

थंड झाकणाला आवाज नाही. बेल्ट उतरवून एक मिनिट चालवली, सुरुवातीला तीन-चार बुडबुडे, मग काही नाही. वरचा पाइप तीन मिनिटांनीही मऊ. ऑइल स्वच्छ. झाकणावर ०.९ (बार, म्हणजे ते धरेल तो दाब) लिहिलंय, पण खालचं रबर एका बाजूने चिरलेलं. बाटलीकडे जाणारी बारीक नळी गळ्याजवळ तडकलेली. काउलिंग आहे. जाळी धुतली, टॉर्चचा उजेड आता सगळीकडून येतो. तरी घाटात तापलीच.

इन्फ्रारेड थर्मामीटर मागून आणला. चढावर काटा लालजवळ आल्याबरोबर थांबवून, इंजिन थोड्या रेसवर ठेवून आकडे घेतले. वरची टाकी १०१, खालची टाकी ६६. जाळीवर डाव्या बाजूला ८८, उजव्या तिसऱ्या हिश्शात ५२. हवा ४३.

पाना_१२_१३

पितळेवर थेट थर्मामीटरची गन धरली होती का? चकचकीत धातूवर ती कमी आकडा दाखवते. टाकीवर काळी चिकटपट्टी लावून त्यावर धरा. तरी एवढा फरक नुसत्या चुकीने येत नाही, त्यामुळे पुढचं बोलू.

ओझ्यावर चांगल्या रेडिएटरमध्ये वर-खाली साधारण ६ ते १० अंशांचा फरक पडतो. वर १०१ आणि खाली ९५ असतं तर मी म्हटलं असतं, पाणी भरपूर फिरतंय पण वारा लागत नाही. तुमचा फरक ३५ चा. म्हणजे पाणी इतकं हळू जातंय की आत पडून गार होतंय. हे दोन कारणांनी होतं: नळ्या बंद, किंवा बायपास उघडा असल्याने पाणी रेडिएटरकडे येतच नाही. दोन्ही तुमच्याकडे आहेत! पण बायपासमुळे सगळी जाळी सारखी गार झाली असती. उजवा तिसरा हिस्सा ५२ आणि डावा ८८, हे फक्त बंद नळ्यांचं लक्षण.

झाकण आणि नळीचं वेगळं. गरम झाल्यावर पाणी फुगून बाटलीत जातं, गार झाल्यावर झाकणातली उलटी झडप उघडून तेच परत ओढलं जातं. तुमची नळी तडकलेली, म्हणून पाण्याऐवजी हवा ओढली जाते. बाटली काठोकाठ, रेडिएटर लिटरभर रिकामा, हे कोडं इथे सुटलं. चिरलेल्या रबरामुळे दाबही टिकत नाही. चिखलदरा साधारण ११०० मीटरवर आहे, तिथे उघड्या भांड्यातलं साधं पाणी ९६-९७ अंशालाच उकळतं. ०.९ बारचं झाकण नीट धरत असेल तर तेच पाणी ११५ च्या पुढे उकळतं. दाब नाही म्हणून १०१ लाच वाफ होत होती, आणि वाफेच्या बुडबुड्यात हेड गार होत नाही. जास्त दाबाचं झाकण मात्र लावू नका. ०.९ असेल तर ०.९ च, नाहीतर डाग उसवतील.

खालचा होज पाइपही बघा. कोणाला तरी रेस द्यायला लावा आणि पाइपवर नजर ठेवा. आत चिमटला तर बदला. जुन्या पाइपात आत तारेची स्प्रिंग असते, ती गंजून नाहीशी झालेली सापडते.

रेडिएटर_भट्टी

आता रेडिएटर खोला. दोन्ही टाक्या उकलायले सांगजा, वरची एकटी नाही. नळ्या मोजून घ्या, कितीक बंद आन कितीक जिवंत. मंग रॉड मारून घ्या, म्हंजे पोलादी पट्टी प्रत्येक नळीतून वरून खाली. पट्टी नळीपेक्षा जाड नाही पाह्यजे, नाही तं नळी फाटते. रॉड मारल्यावर जुन्या चुन्यानं झाकलेले भोकं उघडे पडतात, म्हणून टाकी बसवून पाण्यात बुडवून हवेनं १ बारवर तपासल्याबिगर गाडीत बसवू देऊ नका.

बंद नळ्या पाचातल्या एकीच्या वर निघाल्या तं रॉडावर पैसे घालू नका, नवी जाळी भरून घ्या. टाक्या जुन्याच चालतात. बाजारातला हलका तयार रेडिएटर पाहाल तं रांगा मोजजा, तुमच्या तीन रांगा असल्या आन त्याच्या दोन, तं मंग परत इथंच येसान.

कोणी संडास साफ करायचं अॅसिड टाका म्हनन. टाकू नका! पितळ आन डाग दोन्ही खाते.

पाना_१२_१३

रेडिएटर बाहेर असेपर्यंत इंजिनचा ब्लॉकही (सिलिंडर असलेला मुख्य भाग) धुऊन घ्या. त्याच बोअरच्या पाण्याचा गाळ मागच्या सिलिंडरच्या बाजूला बसलेला असणार. ब्लॉकच्या बाजूला पाणी काढायची तोटी असते. ती उघडून काहीच आलं नाही, तर पाणी संपलेलं नाही, भोक गाळाने बुजलंय. तोटी पूर्ण काढून तारेने उकरा, मग वरून नळी लावा, पाणी स्वच्छ येईपर्यंत.

चुन्यासाठी किराणा दुकानातलं लिंबूफूल, म्हणजेच सायट्रिक अॅसिड, ५० ग्रॅम दर लिटरला. थर्मोस्टॅट बाहेर ठेवूनच हे द्रावण भरा, गाडी तापवून अर्धा तास स्लोवर ठेवा, गरम असतानाच (हात जपून) काढा. मग साध्या पाण्याने तीन वेळा. शेवटच्या पाण्यात दोन चमचे खायचा सोडा टाकून एकदा फिरवा, उरलेलं अॅसिड मरतं. हे नवी जाळी बसवण्याआधी, जुना रेडिएटर लावूनच करा, म्हणजे सुटलेला चुना नव्या नळ्यांत जाणार नाही.

भरताना डिस्टिल्ड पाणी आणि कुलंट. किती लागेल ते अंदाजाने नको, निघालेलं पाणी बादलीत मोजा. आपल्याकडे पाणी गोठत नाही, त्यामुळे ३० ते ४० टक्के कुलंट पुरतं. नुसतं कुलंट भरलं तर चांगलं थंड होईल असा एक समज आहे, तो उलटा आहे. पाण्याइतकी उष्णता कुलंट वाहून नेत नाही. ते हवं गंज आणि चुना रोखायला आणि उत्कलनबिंदू थोडा वर न्यायला.

गाडी तोंड चढाकडे करून उभी करा, झाकण उघडं, हळूहळू भरा, वरचा पाइप हाताने दाबत राहा. सुरू करून वरचा पाइप अचानक गरम होईपर्यंत थांबा, तेव्हा थर्मोस्टॅट उघडला. पातळी खाली जाईल, भरा, झाकण लावा.

दर्यापूरचा_गडी

रेडिएटर खोलला. तीन रांगांत मिळून ११४ नळ्या. गेल्या वर्षी डागाने बंद केलेल्या १९. चुन्याने पूर्ण बुजलेल्या आणखी ३१, बहुतेक उजव्या बाजूच्या. ब्लॉकच्या तोटीतून काहीच आलं नाही, तारेने उकरल्यावर विटेच्या भुकटीसारखा लाल चिखल निघाला, अर्धा मग भरेल इतका. नवी जाळी भरली. झाकण, बाटलीची नळी, खालचा पाइप आणि ८२ चा थर्मोस्टॅट नवा. जुन्या थर्मोस्टॅटला खाली चकती होती.

काल दुपारी त्याच चढावर, तेवढ्याच माणसांनी: चिकटपट्टीवर वरची टाकी ९३, खालची ८५. काटा मधल्या रेषेच्या वर गेला नाही. सकाळी रेडिएटर गळ्यापर्यंत भरलेला.

दोन गोष्टी. कमी पडलं तर घरच्या फिल्टरचं पाणी टाकलं तर चालेल का? आणि लिंबूफूल टाकण्याआधी निघालेलं जुनं पाणी दोन डबे भरून पडलंय, त्यात मागे कधीतरी टाकलेलं हिरवं कुलंट आहे.

कुटार_उडव

फिल्टरचं पाणी रस्त्यात अडचणीला चालेल, एखादा लिटर. सवय करू नका, बॅटरीचं पाणी मिळतं त्याच दुकानात डिस्टिल्डचे पाच लिटरचे कॅन असतात.

घाटात चौथ्यात रेटत नेऊ नका. तिसरा टाका, इंजिन दोन हजारांच्या वर राहू द्या, पंप आणि पंखा दोन्ही इंजिनच्याच वेगाने फिरतात. आणि नवा बेल्ट पाचशे किलोमीटरनंतर एकदा ताणून घ्या. दोन पुलींच्या मध्ये अंगठ्याने दाबला तर १० ते १५ मिलिमीटर खाली जायला हवा.

ते डबे गोठ्यापासून लांब आणि झाकण लावून ठेवा. कुलंट चवीला गोड असतं, जनावर आणि कुत्रं दोन्ही पितात, आणि थोड्यानेच मूत्रपिंड निकामी होतात. नालीत किंवा विहिरीजवळ ओतू नका. तालुक्याला जाल तेव्हा गॅरेजवाल्याला विचारा, जळालेल्या ऑइलबरोबर हेही गोळा करतात का.